काजी देस, काजी देस!

‘नाहीतरी तू घरीच असतेस, जा की तीन महिने!’ आईनं निकाल देऊन टाकला. मास कॉम करून, एका चॅनेलच्या डेस्कवर तीन वर्षं रात्रपाळ्या काढून मी फ्रीलान्सिंग सुरू केलं, त्याला आमच्या घरात ‘घरीच असणं’ म्हणतात. ताईचं बाळंतपण टोकियोत झालेलं, आईचे गुडघे विमानात बसायला तयार नाहीत, मग उरलं कोण? लॅपटॉप काय, तिथंही चालतोच! तर २०२३ च्या डिसेंबरात दोन बॅगा, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि आजीच्या लुगड्यांची आईनं शिवलेली गोधडी घेऊन मी निशी-कसाईला थडकले.

निशी-कसाई हा टोकियोच्या एदोगावा वॉर्डातला आपल्या लोकांचा अड्डा. आयटीवाली भारतीय मंडळी इथं इतकी आहेत, की स्टेशनबाहेर दहा मिनिटं उभं राहिलं तर मराठी हमखास कानावर पडतं. इथूनच २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस वॉर्डाच्या सभागृहात निवडून गेला होता. त्यामुळे आपण परदेशात आलोय हे मला पहिल्यांदा जाणवलं ते थेट स्वयंपाकघरात.

झालं असं, की ताईला वांग्याचं भरीत खायची हुक्की आली. मी वांगं शेगडीवर ठेवलं. दोन मिनिटांत आच आपोआप बारीक. मी मोठी केली. परत बारीक. मग टुक् करून बंदच!

‘ताई, तुझा गॅस बिघडलाय.’

‘बिघडलेला नाहीये गं. जरा जास्तच शहाणा आहे.’

जपानी शेगडीच्या प्रत्येक बर्नरच्या मधोमध एक छोटंसं बटण वर आलेलं असतं. ते भांड्याच्या बुडाला टेकतं आणि ताप मोजत राहतं. भांडं फार तापलं की गॅस कमी करतं, नाहीतर बंद. घरगुती शेगड्यांना हे २००८ पासून सक्तीचं झालं. कारण काय, तर तेंपुरा! तेल तापत ठेवायचं, फोन वाजला म्हणून बाहेर जायचं आणि विसरायचं. साधारण ३७० डिग्रीच्या आसपास तेल स्वतःहूनच पेट घेतं, त्याला खालून ज्योत लागावी लागत नाही. मग घाबरून माणूस त्यावर पाणी ओततो आणि भडका छतापर्यंत जातो. हे होऊ नये म्हणून ते बटण २५० च्या आसपासच हात वर करतं. आता यात फुलका, भाकरी, पापड, भरीत यांचा विचार कुणी केलेला नाही, त्याला बिचारे इंजिनीअर तरी काय करणार? जिजूंनी त्यासाठी एक कॅसेट कॉन्रो आणून ठेवला होता, म्हणजे गॅसचा छोटा डबा खोचायची सुटसुटीत शेगडी. पण तिच्यावर मोठा तवा ठेवायचा नाही, कारण तव्याची धग डब्यावर जाते आणि डबा फुटतो. एवढं ऐकल्यावर मी म्हटलं, राहू दे, आपण दही-वांगं करू.

आमचे जिजू म्हणजे चालताबोलता नोटीस बोर्ड. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला इतक्या सूचना दिल्या की मी वैतागले. कचरा रात्री बाहेर ठेवायचा नाही, सकाळीच ठेवायचा. का? तर कावळे, आणि आग लावणारे. (माझा विश्वास बसला नाही, पण खरंच जपानमधल्या आगींच्या कारणांत कित्येक वर्षं मुद्दाम लावलेल्या आगी पहिल्या नंबरावर होत्या. घराबाहेरचे पेपरचे गठ्ठे हे त्या लोकांचं आवडतं खाद्य.) प्लग मधूनमधून काढून कोरड्या फडक्यानं पुसायचा. एका एक्स्टेंशन बोर्डवर सगळं लावायचं नाही. जपानी लोक अशा लटकलेल्या वायरींना ‘ऑक्टोपसचे पाय’ म्हणतात, आणि बोर्डची ताकद बहुतेक वेळा १५०० वॉटची असते. म्हणजे हीटर आणि पाण्याची किटली एकाच बोर्डवर लावली की संपलं. आणि सगळ्यात कहर म्हणजे, ‘पाण्याची बाटली खिडकीत ठेवू नकोस, आग लागेल.’

रात्री तीन-तीनदा उठून जिजूंच्या डोक्यावर परिणाम झाला असावा, असंच मला वाटलं. पण तेही खरं निघालं. पाण्यानं भरलेली गोल बाटली किंवा काचेचा माशांचा वाडगा भिंगासारखं काम करतो. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, ऊन खोलीत आतपर्यंत येतं आणि नेमकं पडद्यावर, पेपरवर एकवटतं. लहानपणी आपण भिंगानं कागद जाळायचो तसंच, फक्त इथं घरात कुणी नसताना.

प्लग पुसायचं काय ते मला नीट कळलं ते फ्रिजमागे हात घातल्यावर. जपानी सॉकेटला आपल्यासारखं बटण नसतं. प्लग खोचला की खोचला, वर्षानुवर्षं तसाच. भिंत आणि प्लगच्या फटीत धूळ बसते. त्या धुळीला दमटपणा लागला की दोन पिनांच्या मधून बारीक करंट खेळायला लागतो. हळूहळू तिथं कोळशासारखी वाट तयार होते आणि एक दिवस ठिणगी पडते. वस्तू बंद असली तरी! आग लागते ती कपाटामागे, जिथं कुणी वाकून बघत नाही.

आणि छतावर ती पांढरी बशी. प्रत्येक खोलीत एक. धुराचा अलार्म. जपानमध्ये २००४ साली कायदा बदलला, २००६ पासून नव्या घरांना आणि २०११ च्या जूनपर्यंत देशातल्या झाडून सगळ्या जुन्या घरांनाही तो बसवायला लावला. टोकियोत तर बेडरूमच नाही, राहायच्या सगळ्या खोल्या आणि स्वयंपाकघरसुद्धा. जिजूंनी मला बटण दाबून त्याचा आवाज ऐकवला. पीऽऽ पीऽऽ आणि मग एक बाई म्हणते, ‘काजी देस, काजी देस.’ मी विचारलं, ‘कोण काजी?’ ताई इतकी हसली की बाळ उठलं. काजी म्हणजे आग. देस म्हणजे ‘आहे’, पण अदबीचं. बोलीत ओरडायचं तर नुसतं ‘काजी दा!’ म्हणतात. म्हणजे घर पेटलेलं असताना ही बाई सांगणार, ‘आग लागली आहे हो, आग लागली आहे हो.’ मला हे जाम आवडलं. पुण्याला फोन करून मी आईला त्याची नक्कल करून दाखवली.

मग १ जानेवारी २०२४. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी नोतो द्वीपकल्पात ७.६ चा भूकंप झाला. टोकियोत नुसता झोका बसला, दिवा हलला. टीव्हीवर निवेदिका ‘पळा, पळा’ असं ओरडत होती. संध्याकाळी वाजिमा गावातला सकाळच्या बाजाराचा रस्ता पेटलेला दिसला आणि रात्रभर तो जळतच राहिला. सुमारे २४० इमारती गेल्या. पुढं तपासात विजेच्या वायरींमुळे आग लागली असण्याची शक्यता नोंदवली गेली, नेमकं कारण काही हाती लागलं नाही. त्या रात्री जिजू एरवीसारखं नोटीस बोर्डच्या सुरात नाही, हळू आवाजात बोलत होते. १९२३ चा मोठा भूकंप ११ वाजून ५८ मिनिटांनी झाला, घराघरात जेवणासाठी चुली पेटलेल्या. एक लाखावर माणसं गेली, त्यातली बहुतेक भिंतींखाली नाही, आगीत. १९९५ ला कोबेत गेलेली वीज परत आली आणि पडलेल्या घरातले हीटर पुन्हा सुरू झाले, त्यातून आगी. म्हणून घर सोडताना मेन स्विच पाडायचा. आपण भूकंपाला घाबरतो, हे लोक भूकंपानंतरच्या शेगडीला आणि हीटरला घाबरतात.

हे सगळं मी ऐकलं होतं. वहीत लिहूनही घेतलं होतं, म्हटलं फीचर होईल. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

जानेवारीचा तिसरा आठवडा होता. ताई दाताच्या डॉक्टरकडे गेलेली, जिजू ऑफिसात. मी आणि तीन महिन्यांचं बाळ तातामीच्या खोलीत, म्हणजे गवती चटईची जमीन असलेल्या खोलीत. एसीच्या गरम हवेनं माझे डोळे कोरडे पडायचे, म्हणून मी इलेक्ट्रिक हीटर लावला होता. लाल दांडी तापते आणि समोर ऊब येते तो. त्याला ज्योत नाही, वास नाही, धूर नाही. त्यामुळे तो आपल्याला पंख्याच्या जातीचा वाटतो. टोकियोत घरांमधल्या हीटरच्या आगी मोजल्या तर रॉकेलच्या नाही, या इलेक्ट्रिकच्याच जास्त भरतात. आडवा पडला तर तो आपोआप बंद होतो. अंगावर पांघरूण पडलं तर होत नाही.

बाळाला झोपवता झोपवता मीच झोपले. एक लेख सकाळी सहापर्यंत लिहीत बसले होते त्याचा परिणाम. पायावर गोधडी होती. ती मी झोपेत लाथेनं ढकलली असणार.

आधी वास आला. होळीच्या दुसऱ्या दिवशी मैदानात येतो तसा. मग पीऽऽ पीऽऽ. मग ती बाई. ‘काजी देस, काजी देस.’

डोळे उघडले तर खोलीत पांढरट धूर छताशी तरंगतोय. गोधडीचं टोक हीटरच्या जाळीवर. ज्वाला नव्हतीच. जुनं सुती कापड भडकन पेटत नाही, ते धुमसतं. एक केशरी कड होती, अळीसारखी पुढं पुढं सरकणारी. मी गोधडी ओढली, गोळा केली आणि बाथरूमकडे पळाले. टबात आदल्या रात्रीचं पाणी होतं. (तेही जिजूंच्या नियमानुसार, आंघोळीचं पाणी लगेच सोडायचं नाही, अडीअडचणीला असू द्यायचं.) गोधडी आत दाबली. फस्सऽऽ झालं. परत आले, बाळ उचललं, प्लग ओढला, खिडकी उघडली. सगळं मिळून दोन मिनिटं झाली असतील, नसतील.

बेल वाजली. दारात शेजारच्या आजी. ऐंशीच्या तरी असतील. अंगात एप्रन, पायात सपाता आणि हातात आग विझवायचं लाल नळकांडं! मी ‘ओके, ओके’ म्हणत हात जोडले. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, बाळाकडे पाहिलं, मान हलवली आणि गेल्या.

आता मी काय केलं असेल? सगळ्या खिडक्या उघडल्या, हीटर कपाटात ढकलला आणि वास जावा म्हणून उदबत्ती लावली. आग विझवून उदबत्ती लावणारी मी जपानमधली पहिलीच असेन. ताईला सांगायचंच नाही असं ठरवलं होतं. गोधडी? ‘धुवायला टाकलीये.’

ताई आली, तिनं दारातच नाक वर केलं. मी उदबत्तीचं सांगितलं. तिला पटलंही असतं, पण संध्याकाळी आजी पुन्हा आल्या. बाळ कसं आहे विचारायला. ताईला जपानी चांगलं येतं.

ताई ओरडली नाही. बाळाला घेऊन बेडरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

जिजूंनी फायर ब्रिगेडला फोन केला. मला वाटलं, माझी जिरवायला. पण तिथं आग आपली आपण विझवली तरी कळवायची असते. दोघं जण आले, बूट काढून आत आले. मग तासभर जे चाललं, ते मी कुठल्याही पोलीस स्टेशनात पाहिलेलं नाही. टेपनं मोजमाप. हीटर होता तिथं परत ठेवा. तुम्ही होता तिथं उशी ठेवा. बाळ कुठं होतं, तिथं दुसरी उशी. हीटर किती साली घेतला? जाळीचं तोंड कुठं होतं? बोर्डवर आणखी काय लावलं होतं? ओल्या गोधडीचा फोटो. आवाज एकदाही चढला नाही. जिजू भाषांतर करत होते.

जाताना त्यांनी एक पत्रक दिलं. माझ्यातली जर्नलिस्ट नको तिथं जागी होते. मी जिजूंना विचारायला लावलं, की घरांमध्ये सगळ्यात जास्त आगी कशानं लागतात? उत्तर तयारच होतं: शेगडी, सिगारेट, विजेच्या वस्तू आणि वायरिंग, स्टोव्ह. देशभरात वर्षाला साधारण ३५ ते ४० हजार आगी, निम्म्याहून जास्त इमारतींच्या. जीव सर्वाधिक घेते ती सिगारेट. अंथरुणात ओढायची, डुलकी लागायची, ठिणगी गादीत शिरायची आणि गादी तासन्‌तास आत धुमसत राहायची. आणि घराच्या आगीत मरणाऱ्या चौघांतले जवळपास तिघं ६५ च्या पुढचे. पत्रकावर एक चित्रही होतं, शेगडीवरून हात पुढं नेताना पेटलेल्या बाहीचं. ती आजीच होती, एप्रनवाली.

‘स्टोव्ह’ म्हणजे तिथं हीटर. पण तो शब्द ऐकताना मला आपल्याकडच्या बातम्या आठवल्या. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू.’ डेस्कवर आम्हाला सिनियर सांगायचे, स्टोव्ह लिहिण्याआधी दोनदा विचार, कारण कित्येकदा त्या घरात स्टोव्ह नसतोच. या दोघांनी टेप लावून हीटर आणि उशीतलं अंतर मोजलं होतं, ते अशा वेळी फार लक्षात राहतं. त्यांच्या फॉर्मवर माझी खूण नेमकी त्याच रकान्यात पडली. स्टोव्ह. कारण : पांघरूण संपर्कात आलं.

दुसऱ्या दिवशी ताईनं मला चार घरांसाठी मिठाईचे खोके घ्यायला लावले. दोन्ही बाजूला, वर आणि खाली. तिथं १८९९ चा एक कायदा आहे, अजून लागू. तुमच्या साध्या चुकीनं आग लागून शेजाऱ्याचं घर जळलं, तरी भरपाई द्यावी लागत नाही. निष्काळजीपणा फारच मोठा असेल तरच. लाकडी घरं खेटून उभी असल्यानं एकाच्या चुकीत अख्खी गल्ली जायची, ती भरपाई देणार कोण? म्हणून ज्यानं त्यानं आपला विमा उतरवायचा. भाड्याचं घर घेतानाही आगीचा विमा बहुतेक घ्यावाच लागतो, कारण घरमालकाची जबाबदारी भाडेकरूवर असते. म्हणजे शेजाऱ्यांचं मी कायद्यानं काहीच देणं लागत नव्हते. पण खोका द्यायचा आणि कमरेत वाकायचं. ताईनं मला वाक्य पाठ करून दिलं होतं. तिसऱ्या दारात माझा घसा दाटला आणि वाक्य अर्धंच राहिलं. तिथल्या बाईंनी उलट मलाच वाकून नमस्कार केला.

आजींनी खोका घेतला आणि दोन दिवसांनी परतभेट म्हणून एक तेनुगुई आणून दिलं, निळ्या लाटांचं पातळ सुती फडकं. ताईनं विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं, त्या स्वतः आता तेंपुरा तळत नाहीत, विकत आणतात. देवघरातली मेणबत्तीही बॅटरीची केलीये. नवरा होता तोवर खरी लावायच्या.

मार्चमध्ये मी पुण्याला परतले. गोधडी बरोबर आणली, तळहाताएवढं भोक पडलेली. आईनं भोक बघितलं, मला काही विचारलं नाही. ताईनं फोनवर काय सांगितलं होतं कोण जाणे. तिनं ते निळं फडकं कापून ठिगळ लावलं. आजीच्या हिरव्या लुगड्यात ते अगदी परकं दिसतं.

बॅगेत मी एक अलार्मही आणला होता. बॅटरी दहा वर्षं चालते असं खोक्यावर लिहिलंय. तो आईच्या बेडरूमबाहेर लावलाय. आमच्या सोसायटीत असला प्रकार कुणाकडेच नाही. आई मिरचीची फोडणी करते तेव्हा तो आठवड्यातून एकदा तरी बोंबलतो आणि आई आतून म्हणते, ‘हो गं बाई, ऐकलं!’ फ्रिजमागचा प्लग मी पुसला. त्या धुळीबद्दल न बोललेलं बरं.

एक राहिलंय. फायर ब्रिगेडच्या माणसानं शेवटी विचारलं होतं, ‘उठल्यावर पहिल्यांदा काय केलंत?’ जिजूंनी भाषांतर केलं. ताई दारात उभी होती. मी म्हटलं, ‘बाळाला उचललं.’ त्यानं तसं लिहून घेतलं.

मी आधी गोधडी उचलली होती. बाळ धुरात रडत होतं आणि मी गोधडी घेऊन पळाले. तिथंच आग होती, ती बाहेर नेली म्हणून बाळ वाचलं, असं मी स्वतःला कितीदा तरी समजावलंय. तसं असेलही. पण त्या क्षणी मी असा काही विचार केला नव्हता. माझ्या डोक्यात एवढंच आलं होतं, की आजीची लुगडी जळतायत.

ताई हा अंक ऑनलाइन वाचते. रविवारी, बाळ झोपल्यावर.